कानाच्या कलाने

कानाच्या पाळीतलं भोक मोठं करायचं खूळ नवऱ्याच्या डोक्यात शिरलं, तेव्हापासून घरात त्या कानाइतके लाड कुणाचेच होत नव्हते. कोमट पाण्याचा शेक, हलक्या हाताने मालिश, आणि आधीपेक्षा जाड कडी घालायची तीसुद्धा पाळी आपणहून सैल पडल्यावरच.

"अगं, कानाच्या कलाने घ्यावं लागतं. ओढाताण केली की फाटतो," तो तिला समजवायचा.

एवढा धीराचा माणूस घरात आहे म्हटल्यावर तिने लेकाला अक्षरं गिरवायला त्याच्यापाशी बसवलं आणि निर्धास्तपणे अंघोळीला गेली. बाहेर येऊन बघते तर पिल्लू दारातच उभं, लालबुंद कान चोळत.



"आई, बाबा माझाच कान एवढ्या घाईने का मोठा करतात गं?"