पानावरचं नाव

“हे काढायचं नाही,” मनोहरराव म्हणाले आणि संगणकाच्या पडद्यावर सगळ्यात वर असलेल्या नावावर त्यांनी बोट ठेवलं.

नाव लांब होतं. शामलाबाई स्मृती महिला समुपदेशन व विधी साहाय्य केंद्र, बेसा, नागपूर. वकिली सोडल्यावर मनोहररावांनी थोरल्या बहिणीच्या नावानं हे केंद्र काढलं होतं. इंटरनेटवर केंद्राचं पान होतं, पानावर फोन नंबर होता. फोन येत नव्हते.

“येतात न सर,” फोन सांभाळणारी सरिता म्हणाली. “काल एक बाई वास्तुशांतीचा भाव विचारून राहिली होती. विधी वाचलं न तिनं.”

मेघा हसली. ती त्याच इमारतीत राहायची आणि दुकानदारांची, दवाखान्यांची पानं बनवून द्यायची. लोक इंटरनेटवर काय शोधतात ते आधी बघायचं आणि मग पानाची पहिली ओळ ठरवायची, अशी तिची पद्धत. तिनं एक आलेख उघडला.

“काका, ही रेषा ‘कौटुंबिक हिंसाचार’ या शब्दाची. वर्षभर जमिनीला टेकलेली आहे. इथं एकदाच उठली, दिसली?”

“काय झालं होतं तेव्हा?”

“परीक्षा. पोरं निबंध शोधतात.”

“आणि समुपदेशन?”

“त्याचा अर्थ शोधतात.”

मेघानं दुसरी रेषा आणली. ती बुटकी होती, पण कुठे तुटत नव्हती. शेजारी लिहिलं होतं : नवरा मारतो काय करू. तिच्या वर हिंदीतली रेषा होती, बरीच उंच. मग बंगाली, स्पॅनिश, पोर्तुगीज. देश बदलत होते, लिपी बदलत होती. प्रत्येक वाक्याखाली मेघानं मराठी अर्थ लिहून ठेवला होता आणि तो सगळीकडे तोच होता.

“आता वेळ बघा. ज्या त्या देशाच्या घड्याळाप्रमाणं लावली आहे. सगळ्या रेषा सकाळी दहाच्या पुढं चढतात.”

“दहालेच काहून वं?”

सरिता चहाचे कप गोळा करत होती. “माणूस डबा घेऊन गेलेला राहते, सर,” ती म्हणाली.

मेघानं आलेख बाजूला सारून केंद्राचं पान पुन्हा उघडलं.

“पहिली ओळ ही ठेवू,” मेघा म्हणाली. “‘नवरा मारतो, काय करू?’ त्याच्याखाली नंबर. केंद्राचं नाव शेवटी, बारीक अक्षरात.”

“हे काय शीर्षक झालं? नळावर भांडण लागल्यासारखं वाटते. उभी हयात कोर्टात गेली माझी. संस्थेच्या पानावर असं लिहू काय मी? लोक हसतील.”

“हसायला तरी लोक यायला पाहिजेत न, काका. तुमच्या पानावर कोणीच येत नाही.”

सरिता कप घेऊन आत गेली. मेघानं आवाज खाली आणला.

“शामलाताईंनी काय लिहिलं असतं?”

“तिच्या वेळी मोबाईल नव्हते.”

“असता तर?”

मनोहररावांनी भिंतीवरच्या बहिणीच्या फोटोकडे पाहिलं. शामलाबाईंनी त्यात पदर डोक्यावरून घेतला होता. डाव्या बाजूनं तो जरा जास्तच पुढं ओढलेला होता, पार गालापर्यंत.

“लिही,” ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी केंद्राचा फोन वाजला. सरिता झेरॉक्स काढायला खाली गेली होती. मनोहररावांनी रिसीव्हर उचलला आणि सवयीनं पूर्ण नाव सांगायला सुरुवात केली.

“शामलाबाई स्मृती महिला…”

“ते मोबाईलवर लिहिलेलं आहे ते तुम्हीच काय, काका?” आवाज इतका हळू होता की मागच्या कुकरची शिट्टी त्याहून मोठी ऐकू आली.

“हो. आम्हीच. बोल, बाई. घाबरू नको.”

कलमं, पोलीस ठाणं, संरक्षण अधिकारी, सगळं त्यांच्या जिभेवर तयार होतं.

“माराचं मंग सांगते,” बाई म्हणाली. “आधी हे सांगा, मी हे शोधलं ते माझ्या मोबाईलमधून पुसू कसं? ते जेवायले घरी येतात. आले की पहिले माझा मोबाईल पाहतात.”

मनोहररावांनी लिहायला सांगितलेली ओळ आता त्या बाईच्या मोबाईलमध्ये होती. ती तिथून कशी काढायची हे त्यांना माहीत नव्हतं.

“फोन ठेवू नको,” ते म्हणाले. “मी पाहतो. आत्ताच पाहतो.”

त्यांनी रिसीव्हर मान वाकवून खांद्यावर दाबून धरला आणि खिशातून स्वतःचा मोबाईल काढला. एका बोटानं, एकेक अक्षर हुडकत ते लिहू लागले. मोबाईलवर शोधलेलं नवऱ्याला…

पुढचं लिहावं लागलं नाही. ‘कळू नये म्हणून काय करू’, हा उरलेला प्रश्न मोबाईलनंच सुचवला, एकाखाली एक, कितीतरी तऱ्हांनी विचारलेला.