कोळशानं लिहिलेली दारं

दिवाळी सरली की अख्खी कातकरवाडी महाडजवळच्या वीटभट्टीवर जायची, आणि मतदारयादीत नावं नोंदवणाऱ्या बाई नेमक्या त्यानंतर यायच्या. बंद दारं बघून परतायच्या. यंदा वाडी सोडताना रेश्मानं सात दारांवर कोळशानं नावं लिहिली, स्वतःसकट नुकतीच अठरा वर्षं भरलेल्या सातजणांची, खाली भट्टीचा पत्ता. "दारं कशाला गो काळी केलीस?" बाप करवादला होता. पन्नाशी उलटली तरी त्याचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. आज बाई भट्टीवर आल्या तसा तो घाबरून पुढं झाला. "पोर हाय, चुकली." "चुकली कसली? हिच्यामुळंच तुमचा पत्ता लागला," म्हणत बाईंनी सात अर्ज काढले. रेश्मानं चिखलाचे हात ओढणीला पुसून सही केली. बाप सहीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, आणखी एक कागद हाय का? माजं नाव लिवायला ही इसरली."