डिस्क जोडली जाईपर्यंत

न केलेला दोष एखादा वृद्ध स्वतःवर ओढवून घेतो, तेव्हा त्याला त्यातून सोडवणे हे मोठे पुण्यकर्म होय.

कोशमंडळात वीज जाऊन आली आणि सर्वांचे सामाईक फोल्डर रिकामे दिसले. त्याआधी शेवटचे काम संपादक नारायणशास्त्र्यांनी केले होते. कोशाच्या नोंदी आपल्याच हातून पुसल्या गेल्या, असे समजून ते पद सोडायला निघाले.

संगणक सांभाळणाऱ्या शमीमने लिनक्स सर्व्हरवरच्या फायली सर्वांना उघडून देणाऱ्या सेवेची स्क्रिप्ट, म्हणजे तिच्या आज्ञांची यादी, तपासली. "शास्त्रीबुवा, नोंदी डिस्कवर सुखरूप आहेत. सर्व्हर सुरू होताना डिस्क जोडली जाण्याआधीच ही सेवा फोल्डर उघडते, वर 'सर्व ठीक' म्हणते."

"म्हणजे देव उठण्याआधीच गाभारा उघडायचा?"

"आणि देवच नाही म्हणून पुजाऱ्याने रडायचं!"

तिने स्क्रिप्टमध्ये भर घातली: डिस्क जोडल्याची खात्री होईपर्यंत सेवेने थांबावे; न जोडल्यास तसे स्पष्ट सांगावे. मग सर्व्हर मुद्दाम बंद करून चालू केला. फोल्डर उशिरा उघडले, पण भरलेले.

"पूर्वी पटकन उघडायचं," सहसंपादक कुरकुरले.

शास्त्रीबुवांचे तिकडे लक्ष नव्हते. "पोरी," ते हळूच म्हणाले, "नोंदी पुन्हा लिहिता आल्या असत्या. मला वाटलं, माझी बुद्धीच गेली."

"बुद्धी शाबूत आहे. 'ह' अक्षर अजून बाकी आहे. बसा बघू."

ते बसले. कोश पूर्ण होवो, आणि तो पाहायला दोघेही असोत.