शंभर पत्रकं

१९८५ची विधानसभा. मालेगावात माग चालवणाऱ्या जयरामने पदरमोड करून, आपल्याला पटलेल्या गरीब उमेदवारासाठी शंभर पत्रकं छापून वाटली. उमेदवाराची लेखी परवानगी न घेता खर्च केला म्हणून त्याच्यावर खटला झाला.

"माझं मत मी माझ्या पैशानं मांडलं. निवडून आलेल्या साहेबांच्या चाळीस जीपा फिरल्या, त्यांचं काय?" त्याने कोर्टात विचारलं.

"त्या व्यापाऱ्यांनी लेखी परवानगी घेऊन दिल्या. तो खर्च कायदा उमेदवाराच्या खर्चात मोजत नाही," सरकारी वकील म्हणाले.

दंड झाला; न भरल्यास कैद. जयराम भरायला गेला, तर कारकून हसून म्हणाला, "आमदारसाहेबांच्या माणसानं मघाशीच भरला. गरिबाला त्रास नको म्हणाले."

जयरामने हातातल्या नोटा परत खिशात ठेवल्या.



"त्यांचे पैसे त्यांना परत द्या," तो म्हणाला, "आणि मला आत टाका."