खंडेनवमीचं निरांजन

"बुधाजीकाका, पेटतं निरांजन घेऊन आत येऊ नका," दर्शना म्हणाली आणि अ‍ॅनालायझर रूमच्या दारात आडवी उभी राहिली.

ती शिवडीच्या या सॉल्व्हंट डेपोतली नवी टेक्निशियन. दाराबाहेर अकरा जण जमले होते. पुढे तबक धरून म्हातारा बुधाजी, त्याच्या मागे रेशमी कुर्त्यात मॅनेजर हितेंद्र साहेब. ज्या यंत्रांवर वर्षभर पोट चालतं, त्यांना आज हळद-कुंकू, फूल आणि आरती. त्यात वाईट काही नाही. फक्त यंत्रांची पूजा असली की यंत्रांचे नियम रजेवर जातात. दारासमोर लाल पट्टी आखलेली होती. एरवी तिच्या आत काडेपेटीच काय, मोबाइलही नेता येत नसे. टाक्यांतला ज्वालाग्राही माल तपासायला नळीतून थेट आतल्या यंत्रात यायचा. एखादा जोड सैल झाला, तर वाफेला एक ठिणगी पुरे होती.

"दर वर्षी आत ओवाळतो आम्ही," हितेंद्र साहेब म्हणाले. "तू आलीस सहा महिन्यांपूर्वी."

"दर वर्षी वाचलात, सर."

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

साहेबांनी दाराच्या काचेतून भिंतीवरच्या गॅस डिटेक्टरकडे बोट दाखवलं. "वाच. शून्य. आत गॅसच नाही, तर पेटणार काय? तुझं कपाळ?"

"शून्य असू दे नाहीतर शंभर. लाल पट्टीच्या आत ज्योत नाही. या रूमची जबाबदारी माझी आहे."

"आणि पुढच्या महिन्यात तुला परमनंट करायचं की नाही, ती सही माझी आहे."

लालबागच्या घरात चार माणसं दर्शनाच्या एकटीच्या पगारावर जेवत होती. तिला भीती वाटली, चांगलीच वाटली. तिनं दाराची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"नका करू सही. पण दिवा न्यायचा तर आधी मला इथून उचलावं लागेल."

"देवाच्या आड येते ही," साहेब म्हणाले. "बुधाजी, तुम्ही चला आत. कोण अडवतं बघू."

बुधाजी हलला नाही. तीस वर्षं इथली पूजा त्याच्याच हातची. तो काचेतून त्या शून्याकडे बघत राहिला. मग त्यानं तबक तोंडाजवळ आणलं आणि फुंकर मारून निरांजन विझवलं.

सणाच्या दिवशी देवाचा दिवा फुंकून विझवायचा, हे तिथल्या एकाच्याही घरी खपलं नसतं.

"बुधाजी, अक्कल गहाण टाकलीत का?"

बुधाजीनं तबक खाली जमिनीवर ठेवलं.

"शून्यच दाखवणार तो, साहेब. गॅस हुंगायची त्याची जाळी सकाळी पूजेचं गंध लावताना मीच लिंपून टाकली."