स्लॅब म्हणाला, ‘झालंच!’

“टेकू काढू का?” इंजिनिअर केतकी वायंगणकरने वर बघून विचारलं.

“झालंच!” स्लॅब म्हणाला.

आता काँक्रीटमध्येच वाचा कालवलेली असे. आपण किती घट्ट झालो, ते स्लॅब स्वतःच सांगे. नियोजनात टेकू आजच निघायचे होते. उद्या या सभागृहात कीर्तन होतं, पाचशे माणसं याच स्लॅबखाली बसणार होती.

“थांबा ताई,” मुकादम हौसाबाई म्हणाली. “झालं म्हणाला, का झालंच?”

“झालंच.”

“मग नाही झालं! पंधरा दिवस आमचीच बोली ऐकतोय तो. तुम्ही ‘प्लास्टर झालं का’ विचारलंत की आम्ही काय सांगतो?”

केतकीला हसू फुटलं आणि लगेच उद्याची पाचशे माणसं आठवली.

हौसाबाईने टेकूवर हात ठेवला. “बाळा, कुणी रागावणार नाही. खरं सांग.”

स्लॅब घुटमळला. “चार दिवस लागतील, मावशी.”

केतकीने कीर्तन मैदानात हलवलं आणि बुवांना कारण कळवलं.

“मग उद्याचा हार हौसाबाईंना घाला,” बुवा म्हणाले. “आम्हाला नुसतं बोलता येतं हो, त्यांना ऐकता येतं.”