एकोणीस मुलांचा वर्ग

पत्र वाचून होत आलं तेव्हा स्टाफरूममध्ये कोणीच मालनबाईंकडे बघितलं नाही.

“शेवटी अजून एक ओळ आहे,” फादर डिमेलो म्हणाले. “‘बाईंना दया म्हणून वाचनालयातही ठेवू नका. मुलं दर सुट्टीत त्यांच्याकडे पळत येतील आणि नव्या वर्गात रुळणार नाहीत.’ बस, एवढंच.”

सिस्टर प्रिन्सिपलनी चष्मा काढून पुसला, आणि पुसून झाल्यावरही हातातच ठेवला.

देशभरच्या कॅथलिक शाळांची वास्तपुस्त करणारं एक कार्यालय दिल्लीला होतं. फादर तिथले, मूळचे वसईचे, म्हणून मराठी पत्रं त्यांच्याच टेबलावर यायची. एखाद्या शाळेबद्दल काही ठरवायचं असलं की तिथल्या शिक्षकांना तिकीट लावलेली पाकिटं यायची. मनात असेल ते लिहा, थेट दिल्लीला धाडा, सिस्टरही फोडणार नाहीत. मग भेटीला आलेले फादर ती सर्वांसमोर वाचायचे, नाव गाळून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून स्वतःच्या हाताने उतरवून आणायचे.

यंदा ठरायचं होतं ते सिकंदराबादच्या या शाळेतल्या मराठी वर्गाचं. एकेकाळी पहिली ते सातवी भरभरून चालायची. १९९५ उजाडेपर्यंत चार इयत्ता मिळून एकोणीस मुलं उरली होती, रेल्वेतल्या गँगमनची आणि बेगम बाजारातल्या हमालांची. आणि अठ्ठावीस वर्षं त्यांना शिकवणाऱ्या मालनबाई.

सहा पत्रं गेली होती. पाचांचं म्हणणं, वर्ग ठेवा. सहावं म्हणत होतं, बंद करा, पण एकोणीसही मुलं फी न घेता शाळेच्याच मोठ्या इमारतीत इंग्रजी माध्यमात घ्या, एकही बाहेर राहता कामा नये. ‘हा वर्ग आता मुलांसाठी चालत नाही, बाईंसाठी चालतो,’ असंही त्यात होतं.

झोंबलं ते हेच, कारण ते खरं होतं. बाई जातील कुठे, हे सिस्टर दर वर्षी म्हणायच्या आणि वर्ग आणखी एक वर्ष जगायचा. मालनबाईंचे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. चिलकलगुड्यात एक खोली, तिच्यात एक स्टोव्ह आणि एका माणसापुरती भांडी. रविवारचा दिवस तर त्यांना खायला उठायचा. हिंदू असूनही त्या रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर जाऊन बसायच्या. प्रार्थना समजायची नाही, पण तिथे माणसं असायची.

मधल्या सुट्टीत शाळेचे क्लार्क एकनाथराव त्यांच्यापाशी आले. रागाने त्यांच्या हातातला चहा बशीत सांडला होता.

“हे त्या पुण्यावालीचं काम हाय, बाई. पूरा यकीन हाय मला.”

पुण्यावाली म्हणजे अश्विनी. नवऱ्याला कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली म्हणून दोन वर्षांपूर्वी इकडे आलेली. मालनबाईंच्या वर्गावर ती रोज अर्धा तास इंग्रजी घ्यायची. ‘ही मुलं आत्ता तिकडे गेली तर टिकतील, दोन वर्षांनी नाही टिकायची,’ असं ती एकदा भर स्टाफरूममध्ये बोलून गेली होती. तेव्हापासून तिच्या डब्याशेजारी कोणी डबा उघडत नव्हतं.

“ती नाही,” मालनबाई म्हणाल्या.

“कशावरून म्हणता?”

“ती जे बोलायचं ते तोंडावर बोलते. तिला पाकीट कशाला लागतं?”

“तुम्ही लई भोळ्या हात. माणूस असं लिहितंच कसं हो? वाचनालय बी नक्को म्हणे. ज्यानं लिहिलं त्याला काळीज नसंल.”

“नसेल,” मालनबाई म्हणाल्या, आणि आपला डबा घेऊन अश्विनीच्या शेजारी जाऊन बसल्या. अश्विनीचे डोळे भरून आले. मालनबाईंनी तिला लोणच्याची फोड वाढली.

दुपारी त्यांनी नेहमीसारखी हजेरी घेतली. एकोणीस नावं, एकोणीस ‘हजर बाई’. आज त्या जरा सावकाश घेत होत्या. गणपत गँगमनची मीना फळ्यावरचं इंग्रजी वाक्य न अडखळता वाचून गेली, तेव्हा त्यांनी तिला तेच पुन्हा वाचायला लावलं. उगाचच. ऐकायला बरं वाटत होतं म्हणून.

चारला घंटा झाली. मुलं गेली आणि वर्ग एकदम मोठा वाटायला लागला. मालनबाईंनी फळा पुसला, खिडक्या लावल्या, खडूचे तुकडे डबीत भरले. ही डबी आता कोणाला द्यायची, हे काही त्यांना सुचेना.

फाटकापाशी फादरांची रिक्षा उभी होती. बॅग आत ठेवून ते थांबले होते.

“अहवाल दिल्लीच्या गाडीत लिहीन,” ते म्हणाले. “वर्ग जूनपासून बंद. मुलं सगळी इंग्रजी माध्यमात घेतली जातील, सिस्टरनी तसं लिहून दिलंय. तुम्हाला ठेवून घ्या म्हणून मात्र त्या फार विनवत होत्या.”

“त्यांचा स्वभावच तसा आहे.”

“मुलांना सांगितलंत?”

“सोमवारी सांगेन. रविवार तरी त्यांचा चांगला जाऊ दे.”

“आणि तुमचा?”

फादरांनी खिशातून तिकीट लावलेलं ते मूळ पाकीट काढलं आणि त्यांच्या हातात दिलं.

“सही मी कोणालाच दाखवली नाही, बाई,” ते हळूच म्हणाले. “पण ती वाचनालयाची ओळ तेवढी खोडा. अजून वेळ आहे, आणि पत्र तुमचंच आहे.”